निनावी लेखणी आणि सार्वजनिक ज्ञानकोश

नवा ग्रंथ हाती आला की प्रथम मुखपृष्ठावरील नाव वाचावे आणि मग पान उलटावे, ही शिक्षित मनुष्याची जुनी सवय आहे. नावावरून तो पुष्कळ गोष्टी ताडतो. लेखकाचा व्यासंग किती, त्याचा पक्ष कोणता, त्याची आजवरची कामगिरी काय, आणि खरे सांगावयाचे तर त्याच्याशी आपण सहमत व्हावे की नाही, हेही पुष्कळदा मजकूर वाचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. अशा वाचकापुढे विकिपीडियासारखा ज्ञानकोश आला म्हणजे त्याचा पाय अडखळतो. येथे मुखपृष्ठ नाही, लेखकाचे नाव नाही, संपादकमंडळाची यादी नाही. आणि पानाच्या माथ्यावर 'संपादन' असा शब्द, म्हणजे वाटेने जाणाऱ्या कोणीही आत यावे आणि लिहावे! "ही काय धर्मशाळा आहे?" असा प्रश्न आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी परवा रागाने विचारला. त्यांच्या रागात तथ्य नाही असे आम्हांस म्हणवत नाही. तथापि धर्मशाळेलाही नियम असतात, आणि कित्येक धर्मशाळा पुष्कळ वाड्यांपेक्षा स्वच्छ राहिलेल्या आहेत, हेही विसरून चालणार नाही.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा तो इतकाच: ज्या ज्ञानकोशात अनेकांनी मिळून लिहावयाचे, त्यात नाव न नोंदविताही लिहिण्याची मुभा असावी की नसावी? हा प्रश्न यंत्रज्ञांचा आहे असे समजून तो आपणांस दूर सारता येणार नाही. घरातील मुलाने 'पानिपत' किंवा 'क्षयरोग' हा शब्द शोधला की पहिल्या दोनचार उत्तरांत बहुधा याच कोशाचे पान असते. महाविद्यालयीन निबंधांत त्याचे परिच्छेदच्या परिच्छेद उतरलेले आम्ही दरवर्षी तपासतो. अलीकडे प्रश्नांना माणसासारखी उत्तरे देणारी जी यंत्रे निघाली आहेत, त्यांच्या शिकवणीतही याच कोशातील मजकूर वापरला गेला आहे. तेव्हा या पाणवठ्याची राखण कशी व्हावी, हा प्रश्न त्याचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

प्रथम या वस्तूची जन्मकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये असे एक संकेतस्थळ उघडले की, ज्याचे कोणतेही पान कोणत्याही वाचकाला तेथल्या तेथे दुरुस्त करता यावे. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. तेच नाव त्याने आपल्या पद्धतीला दिले. पुढे जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोघांनी २००० मध्ये 'न्यूपीडिया' नावाचा मुक्त ज्ञानकोश काढला. त्याची घडण कोणत्याही विद्यापीठाला शोभेल अशी होती. तज्ज्ञांनी लेख लिहावेत, इतर तज्ज्ञांनी ते तपासावेत, आणि सात पायऱ्या चढून गेलेला लेखच प्रसिद्ध व्हावा. व्यवस्था निर्दोष; फक्त लेख होईनात! २००३ मध्ये ते काम बंद पडले तेव्हा सर्व पायऱ्या ओलांडलेले लेख दोन डझनांच्या आसपासच होते. उलट याच न्यूपीडियाला कच्चा माल पुरवावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी जी उघडी शाखा काढली, ती विकिपीडिया. आज तिच्या एकट्या इंग्रजी आवृत्तीत ७० लाखांहून अधिक लेख आहेत. दार उघडे होते म्हणून माणसे आत आली, एवढे तरी कोणत्याही टीकाकाराने प्रथम मान्य करावयास हवे.

परंतु मोठे होणे आणि विश्वासार्ह होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निनावी लेखनावरील आक्षेप पूर्ण जोराने मांडावयाचा, तर २००५ सालचे जॉन सीगेनथॉलर यांचे प्रकरण सांगितले पाहिजे. हे गृहस्थ अमेरिकेतील नामांकित पत्रकार आणि रॉबर्ट केनेडी यांचे एके काळचे सहायक. त्या वर्षीच्या मे महिन्यात कोणा अनोंदित व्यक्तीने त्यांच्यावरील पानात असे लिहून ठेवले की, जॉन व रॉबर्ट या दोघाही केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असावा असा एके काळी संशय होता. ही निखालस थाप होती, आणि ती त्या पानावर चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. ज्या मनुष्याने रॉबर्ट केनेडींच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याच माथी त्यांच्या खुनाचा संशय! वृद्धपणी असा कलंक वाचावा लागलेल्या मनुष्यापुढे 'कोश सर्वांचा आहे' हे वचन किती पोकळ वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आमच्याकडील वृत्तपत्रांतूनही एके काळी बहुतेक मजकूर निनावीच येई. पण त्यामागे जबाब देणारा कोणी तरी उभा असे. काही पत्रांवर विसंबून 'केसरी' व 'मराठा' यांनी कोल्हापूरच्या कारभाऱ्यांवर कडक टीका केली. ती पत्रे बनावट निघाली. आणि त्यापायी १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रे दुसऱ्यांची, शिक्षा संपादकांना. विकीचा टीकाकार म्हणतो की, असा डोंगरीला जाणारा मनुष्य तुमच्याकडे कोण आहे ते दाखवा. आक्षेप साधा आहे आणि भारी आहे. 'स्वातंत्र्य' या एका शब्दाने तो उडवून लावणारे लोक आम्हांस उथळ वाटतात.

तथापि आक्षेप खरा असला म्हणजे त्यावर सुचविलेला उपायही खरा असतोच असे नाही. सुचविला जाणारा उपाय म्हणजे नावनोंदणीची सक्ती. येथे 'नाव' या शब्दाने आपली फसगत होते. खाते उघडताना कोणालाही स्वतःचे खरे नाव द्यावे लागत नाही. 'वाटसरू', 'सह्याद्री', 'क्ष' असे काहीही धारण करून मनुष्य आत जातो, आणि त्यापुढे तो नोंदणीकृत सदस्य म्हणून गणला जातो. म्हणजे ज्याला आपण नाव समजतो ते टोपणनाव. उलट खाते न उघडता जो लिहीत असे, त्याच्या लेखनापुढे त्याच्या यंत्राचा अंकपत्ता, ज्यास आयपी पत्ता म्हणतात तो, पुष्कळ वर्षे जगजाहीर होत असे. सीगेनथॉलर प्रकरणातील अपराधी सापडला तो या अंकपत्त्याच्या मागावरूनच. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने हे सर्व अंकपत्ते त्यांच्या धन्यांशी जुळवून पाहणारे एक साधन तयार केले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांच्या व सरकारी कार्यालयांच्या यंत्रांवरून स्वतःविषयीची पाने कशी सारवली गेली होती, ते सर्वांस दिसले. तेच उद्योग त्यांनी टोपणनावाच्या आडून केले असते, तर ते इतक्या सहज उघडकीस आले नसते. अंकपत्ता असा उघडा पडणे लेखकाला जाचक ठरते म्हणून २०२४ च्या अखेरीपासून काही भाषांतील विकिपीडियांनी, आणि २०२५ मध्ये इंग्रजीनेही, अनोंदित लेखकाला तात्पुरते सांकेतिक नाव देण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा नोंदलेला तो उघडा आणि न नोंदलेला तो बुरख्यातला, ही समजूतच मुळात खरी नव्हती.

याहून बोधप्रद गोष्ट पुढील आहे. इंग्रजी विकिपीडियावर एक नोंदणीकृत सदस्य आपण धर्मशास्त्राचे प्राध्यापक आहोत, उच्च पदवीधर आहोत, असे सांगत असे. त्याने हजारो दुरुस्त्या केल्या, वादांत आपल्या विद्वत्तेचा हवाला दिला, आणि विश्वासाच्या अधिकारपदांवर त्याची निवड झाली. 'द न्यूयॉर्कर' या साक्षेपी साप्ताहिकानेही २००६ मध्ये त्याचे सोंग खरे मानून छापले. २००७ मध्ये उघडकीस आले की, हा प्राध्यापक चोवीस वर्षांचा तरुण असून त्याच्याजवळ सांगितलेली एकही पदवी नव्हती. आम्ही स्वतः प्राध्यापकी करीत असल्यामुळे या प्रकरणाचा दंश आम्हांस विशेष जाणवला. निनावी मनुष्य निदान खोट्या पदवीचे वजन तरी पारड्यात टाकीत नाही. त्याचे वाक्य उभे राहिले तर पुराव्याच्या पायावरच उभे राहते, कारण त्याला टेकावयास दुसरे काही नसते.

यावर कोणी म्हणेल, मग खऱ्या नावाचीच सक्ती करा. तो प्रयोगही झालेला आहे. विकिपीडियाच्या बेशिस्तीला कंटाळून लॅरी सँगर यांनीच 'सिटिझेंडियम' या नावाचा दुसरा कोश काढला आणि २००७ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. तेथे खऱ्या नावानेच लिहावयाचे आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली लिहावयाचे, असा दंडक होता. हेतू चांगला, माणसे चांगली. परंतु प्रारंभीचा उत्साह ओसरल्यावर लिहिणारे विरळ होत गेले, आणि आज सामान्य वाचकाच्या कानी त्या कोशाचे नावही क्वचित पडते.

मराठी वाचकाला खरे पाहता हा प्रश्न नवा वाटू नये. आपले प्राचीन वाङ्मय निनावी हातांनीच आपल्यापर्यंत आणलेले आहे. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा असते, आणि ती पाहून आपण निश्चिंत होतो. पण 'नामा' या मुद्रेखाली संत नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नाम्याची रचना मिसळून गेली, आणि ती वेगळी करताना पंडितांची पुरेवाट झाली. मुद्रा होती, म्हणजे नाव होते. तरी मजकूर कोणाचा हे नावाने सांगितले नाही. ज्ञानेश्वरीचे उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. नकला करणाऱ्यांच्या हातून, काही अज्ञानाने आणि काही अतिप्रेमाने, तिच्यात इतके पाठभेद शिरले की, एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पुढील काळी कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर नाथांनी उत्पात निवारला आणि पानास कुलूप लावले.

येथे आक्षेपक हसून म्हणेल की, उदाहरण आमच्याच पक्षाचे झाले. तसे नाही. नाथांनी शुद्धी कशाच्या बळावर केली? नकलकारांची नावे शोधून नव्हे; प्रती ताडून पाहून. हाच न्याय अधिक मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती पाहावी. १९१९ मध्ये आरंभिलेले, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी शिस्तीस लावलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेले हे कार्य १२५९ हस्तलिखितांच्या आधाराने झाले. ती हस्तलिखिते उतरून काढणारे बहुसंख्य हात आपणांस अज्ञातच आहेत. त्यांतील कोण विद्वान होता आणि कोण पोटार्थी होता, हे जाणण्याची सोय नाही, आणि संपादकांना त्याची गरजही पडली नाही. त्यांनी प्रतीला प्रत लावली, ग्राह्य पाठ वर ठेवला, त्याज्य पाठ तळटीपेत जपला, आणि निर्णय वाचकाला तपासता येईल असा केला. ग्रंथाची शुद्धता नावाच्या आश्रयाने टिकत नाही. ती मागाच्या आश्रयाने टिकते. कोणता शब्द केव्हा आला, कशाच्या जागी आला आणि कोणत्या आधाराने आला, याचा माग शिल्लक असला म्हणजे प्रक्षेप कितीही धूर्त असो, तो शोधता येतो.

आता विकीच्या कोणत्याही पानावर 'इतिहास पहा' असे जे शब्द असतात, ते दाबून पाहावेत. पहिल्या अक्षरापासून आजच्या स्वल्पविरामापर्यंत प्रत्येक बदल तेथे तारीखवेळेसह मांडलेला दिसतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडता येतात. आणि उत्पात झाला असेल तर मागची आवृत्ती क्षणार्धात परत आणता येते. सुखटणकरांसारख्यांना ज्या सामग्रीसाठी हिंदुस्थानभर हिंडवावे लागले, ती येथे प्रत्येक पानाच्या पाठीशी आपोआप साठते. छापील ग्रंथात चूक राहिली तर पुढील आवृत्तीपर्यंत थांबावे लागते, आणि पहिली आवृत्ती विकत घेतलेल्याला ती चूक कधीच कळत नाही. मग सीगेनथॉलरांचे पान चार महिने का बिघडलेले राहिले? लिहिणारा निनावी होता म्हणून तो लिहू शकला, हे खरे. पण थाप चार महिने टिकली ती त्या अवधीत कोणी राखणदाराने त्या पानाकडे डोळसपणे पाहिले नाही म्हणून. दोष राखणीचा अधिक होता, आणि जो दोष जेथे आहे तेथेच औषध लावले पाहिजे.

निनावी कोण असतो, हेही पाहिले पाहिजे. निनावी म्हणजे भ्याड किंवा लबाड, असे समीकरण आपण सहज मांडतो. परंतु सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात आपल्या समाजाचे दोष परखडपणे सांगितले ते 'लोकहितवादी' या नावाआडून. १८८५ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाच्या जाचाविषयी 'एक हिंदू स्त्री' या सहीने दोन पत्रे आली. ती लिहिणारी रखमाबाई त्या वेळी स्वतःच नवऱ्याने लावलेल्या दाव्यास तोंड देत होती. ही पत्रे नावानिशीच लिहिली पाहिजेत असा नियम असता, तर ती लिहिली गेली असती काय? आजही परिस्थिती पालटलेली नाही. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिमीडिया प्रतिष्ठानावर दिल्ली उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा मजकूर लिहिणाऱ्या तीन सदस्यांची ओळख प्रकट करावी असा आदेश झाला. दाव्यातील खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही इतकेच म्हणतो की, त्या आदेशावरून दोन गोष्टी दिसल्या: टोपणनावाआडच्या लेखकापर्यंतही कायद्याचा हात पोहोचू शकतो, आणि घरबसल्या, विनामोबदला कोश लिहिणाऱ्या सामान्य मनुष्याला आपले नाव झाकून ठेवावेसे वाटण्यास सबळ कारण आहे.

अनुमानाखेरीज काही मोजणीही उपलब्ध आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या संशोधकांनी फ्रेंच व डच विकिपीडियांतील लेखन तपासले, तेव्हा सर्वांत टिकाऊ मजकूर दोन प्रकारच्या लोकांचा आढळला. एक, नोंदणी करून सतत लिहिणारे; आणि दुसरे, नाव न नोंदवता एकदोनदाच लिहून निघून जाणारे. हा दुसरा वर्ग आपणांस परिचित आहे. रस्त्यात काच पडलेली दिसली की ती उचलून कडेला टाकणारा मनुष्य पुढे जातो, नगरपालिकेच्या दप्तरी नाव नोंदवीत बसत नाही. बेंजामिन माको हिल व ॲरन शॉ या दोन संशोधकांनी, ज्यांनी मध्येच नावनोंदणीची सक्ती सुरू केली अशा १३६ विकींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. सक्तीनंतर निकृष्ट लेखन घटले, हे त्यांना आढळले. परंतु त्याबरोबर चांगले लेखनही मोठ्या प्रमाणात घटले, हेही आढळले. गाळणी इतकी बारीक केली की, गाळाबरोबर पाणीही अडले.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. ती आमच्या मोठेपणाची नाही. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत आम्ही आमच्या गावच्या जुन्या वाचनालयाविषयी लेख लिहिला आणि त्याच्या स्थापनेचे वर्ष १८६३ असे दिले. पुढे कोणी तरी आमच्या नावाच्या हवाल्याने तेच वर्ष विकिपीडियावर घातले, आणि ते पाहून आम्हांस समाधानही वाटले. एके दिवशी ते वर्ष १८७३ असे बदललेले दिसले. बदलणाऱ्याला नाव नव्हते. शेजारी एकच ओळ होती की, शके १७९५ म्हणजे इसवी १८७३, जोत्यावरील शिलालेख पाहावा. आम्ही आमच्या नोंदणीकृत खात्यातून, काहीशा तुच्छतेने, जुने वर्ष परत घातले. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाने, किंवा बाईने, चर्चापानावर शिलालेखाच्या चारही ओळी उतरवून ठेवल्या आणि 'कृपया तपासून पाहावे' असे लिहिले. दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा आम्ही त्या जोत्यापुढे वाकून उभे राहिलो. शकाचा इसवी सन करताना आमच्या बेरजेत दहा वर्षांची चूक झाली होती. पदवी आमची होती, नाव आमचे होते आणि चूकही आमची होती. बरोबर वर्ष मात्र ज्याला नाव नव्हते त्याचे होते. नावनोंदणीची सक्ती असती तर तो मनुष्य बहुधा मान हलवून पुढे गेला असता, आणि आमची चूक आमच्याच नावाच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या नांदली असती.

इतके म्हटल्यावर निनावी लेखनाला सरसकट मोकळे रान असावे असे आमचे मत आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. राखणदारांच्या मगदुरापेक्षा दार मोठे ठेवणे शहाणपणाचे नाही. सीगेनथॉलर प्रकरणानंतर, २००५ च्या डिसेंबरात, इंग्रजी विकिपीडियाने अनोंदितांना नवे पान निर्माण करण्याची मनाई केली. असलेले पान सुधारण्याची मुभा मात्र ठेवली. जर्मन विकिपीडियाने २००८ पासून अशी रीत घातली की, नवख्याने किंवा अनोंदिताने केलेला बदल अनुभवी सदस्याने नजरेखालून घातल्यावरच सामान्य वाचकाला दिसावा. पोर्तुगीज विकिपीडियाने २०२० मध्ये याहून पुढे जाऊन लेख सुधारण्यासाठी नोंदणीच सक्तीची केली, आणि तेथे उत्पात घटल्याचे दिसून आले. हा शेवटचा पुरावा आमच्या मताच्या विरुद्ध जातो, तरी तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या वस्तीत पहारेकरी दमून गेले आहेत, तिने रात्रीपुरते दार लावले तर तिला दोष देता येणार नाही.

आपल्या मराठी विकिपीडियाची स्थिती या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. १ मे २००३ रोजी तिचा आरंभ झाला आणि आज तिचे लेख लाखाच्या घरात आहेत. परंतु नेमाने लिहिणारे थोडे आणि प्रचालक तर त्याहूनही थोडे. डॉ. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश जिद्दीवर उभा केला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या दोन्ही कार्यांमागे वेतन, कार्यालय आणि संपादकाचे नाव होते. येथे त्यांपैकी काहीच नाही. अशा ठिकाणी दार बंद करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण जेथे मुळातच पाहुणे थोडे, तेथे दार बंद केल्याची हानीही अधिक. खेड्यातील शिक्षिका, वैद्यकाचा विद्यार्थी, सेवानिवृत्त तलाठी यांच्यापाशी जी माहिती आहे ती इतरत्र कोठेही छापलेली नाही. आणि त्यांतील पुष्कळांची पहिली ओळ ही बिचकत बिचकत, नाव न देताच लिहिलेली असणार.

म्हणून आमचा अभिप्राय असा. विद्यमान व्यक्तींविषयीचा मजकूर, विशेषतः त्यांच्या अब्रूला धक्का लावणारा, कोणी अनुभवी सदस्याने आधार पाहिल्याखेरीज वाचकापुढे जाऊ नये. मग तो लिहिणारा नोंदलेला असो वा नसो. जिवंत मनुष्याची अब्रू ही हस्तलिखित नव्हे की, पुढील शतकात ताडून शुद्ध करता येईल. ज्या पानांवर वारंवार उत्पात होतो त्यांस ठराविक मुदतीचे कुलूप लावावे आणि मुदत संपताच ते काढावे. नव्या लेखाचा मसुदा आधी तपासला जावा. याव्यतिरिक्त जो विस्तीर्ण प्रदेश उरतो, गावे, ग्रंथ, वनस्पती, राजवंश, शास्त्रे यांचा, तेथे निनावी लेखणीला मज्जाव असू नये. आणि संपूर्ण दार बंद करण्याचा प्रसंग आलाच, तर उत्पात किती घटला एवढेच न मोजता, येणारे चांगले हात किती परत गेले, हेही मोजावे. जे आले नाहीत त्यांची गणती कठीण असते. म्हणूनच ती करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

राहिला तो डोंगरीचा प्रश्न. येथे शिक्षा भोगावयास कोण जाणार? याचे पूर्ण समाधान होईल असे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि तसे असल्याचा आव आम्ही आणीत नाही. जुन्या व्यवस्थेत एका संपादकाने सर्वांच्या वतीने जागे राहावयाचे आणि चुकल्यास सर्वांच्या वतीने भोगावयाचे, असा करार होता. नव्या व्यवस्थेत ते जागरण हजारो वाचकांत वाटून दिलेले आहे, आणि वाटून दिलेल्या कामाचे व्हावयाचे तेच होते: प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहील. निनावी लेखकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या आमच्यासारख्या सुशिक्षितांनी स्वतःस विचारावे की, चुकीचे पान दिसल्यावर आपण किती वेळा ते दुरुस्त केले आणि किती वेळा नुसते हसून मिटले. घरात मुलाला कोश वापरू नको म्हणून सांगण्यापेक्षा, तो वाचताना तळचे संदर्भ पाहावयास आणि 'इतिहास पहा' हे शब्द दाबावयास शिकवावे. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या गावाच्या, आपल्या विषयाच्या चार पानांची राखण करावी. आमचे वृद्ध स्नेही ज्या विषयात अधिकारी आहेत, त्यावरील मराठी पान चार ओळींचे आहे आणि त्यांतील एक ओळ चुकीची आहे, हे आम्ही त्यांच्या नजरेस आणून दिले. ते घटकाभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "येथे लिहावयाचे म्हणजे नाव द्यावे लागते काय?"

आम्ही सांगितले, सक्ती नाही.